मोठे बाबू शाई पाहतात

मोठे बाबू गेले तेव्हा शाळेनं शोकसभा घेतली आणि त्या सभेत लोक पोट धरून हसले. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. आमच्या माजी मुख्याध्यापकांनी माइक हातात घेतला आणि नळाखाली धरलेल्या सहीचा किस्सा रंगवून सांगितला. मग विज्ञानाच्या सरांनी मोठ्या बाबूंच्या निळ्या अंगठ्याची नक्कल केली. मग कोणीतरी त्यांना ‘आमच्या शाळेचे शाईवेडे’ म्हटलं आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. श्रद्धांजलीला सगळे उभे राहिले, तेव्हा मी चप्पल घालून सरळ बाहेर निघून आले. लोकांना वाटलं मला रडू आवरलं नाही. रडू कशाचं, माझं डोकं भणभणलं होतं.

संताप त्या हसणाऱ्यांवर होता, पण सगळा त्यांच्यावर नव्हता. थोडा मोठ्या बाबूंवरही होता आणि तो अजून आहे. सभेत ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो एक गमतीचा, निरुपद्रवी म्हातारा होता. मी ज्या माणसाच्या शेजारच्या टेबलावर आठ वर्षं काढली, तो तसा नव्हता.

आमची शाळा पुसदहून उमरखेडकडे जाताना रस्त्याला लागूनच आहे. पाचवी ते दहावी. ऑफिसात बाबू दोनच, मोठे आणि छोटे. माझे वडील याच शाळेत शिपाई होते, ते नोकरीत असताना वारले, म्हणून मला अनुकंपावर घेतलं आणि मी बाईमाणूस असून छोटे बाबू झाले. पहिल्या दिवशी मी नवाकोरा बॉलपेन काढून टेबलावर ठेवला. मोठ्या बाबूंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

“बाई, हे पर्समधी ठेवा,” ते म्हणाले. “किराण्याची यादी लिहाले कामी येईन.”

मग त्यांनी ड्रॉवरमधून फाउंटन पेन काढून दिला, एक दौत दिली आणि कागदाच्या तीन पट्ट्या दिल्या. म्हणाले, “लिहा. नाव, जात, जन्मतारीख अक्षरी.” मी तिन्ही पट्ट्यांवर तेवढंच लिहिलं. माझा पहिला दिवस त्यातच संपला.

या कामाला ते ‘शाई पाहणं’ म्हणत. लोक मुलगी पाहायला जातात तसे ते शाई पाहायला पुसदच्या बाजारात जात आणि दुकानदाराला नको नको करून सोडत. विकत घ्यायच्या आधी बाटली उजेडात धरायची, हलवायची, झाकण उघडून वास घ्यायचा. कोणी नागपूरला निघालं की त्याच्या हाती चिठ्ठी. शेवटी शेवटी मुलाकडून ऑनलाइनही मागवत. बाटलीवरचं इंग्रजी नाव त्यांच्या लेखी काही नव्हतं. ते स्वतः नावं ठेवत. पाण्याचा थेंब दिसला की वाहून जाणारी ती ‘पयपुटी’. पहिल्या दिवशी फिकट दिसणारी आणि दोन दिवसांनी काळी होणारी ती ‘लाजरी’. निबमध्ये सुकून बसणारी ती ‘रुसकी’.

त्यांचा नियम असा, की एका कागदावर शाई पाहिली म्हणजे काही पाहिलं नाही. तीन कागद हवेतच. दाखलखारीज रजिस्टरचा, म्हणजे ज्यात शाळेत येणाऱ्या प्रत्येक पोराची नोंद होते त्याचा, जाड गुळगुळीत कागद. हजेरीपटाचा पातळ कागद. आणि जावक रजिस्टरचा, बाहेर जाणाऱ्या पत्रांची नोंद ठेवतात त्याचा, पिवळट खरखरीत कागद. जुन्या रजिस्टरांच्या शेवटच्या कोऱ्या पानांतून ते या पट्ट्या कापून ठेवत. तिघांवर तेच शब्द लिहायचे. शाई अक्षरांच्या कडेला फुटली का ते भिंगातून पाहायचं. पान उलटून मागं उमटली का ते पाहायचं. मग एक थेंब पाणी, पाच मिनिटं थांबायचं, आणि अंगठ्यानं घासायचं. अंगठा त्यामुळे कायमचा निळा. शेवटी अर्धी पट्टी पुठ्ठ्यानं झाकून सायकल स्टँडच्या टिनावर, वर दगड. मे महिन्याच्या उन्हात पंधरा दिवस. उघड्या भागाचा रंग उतरला की शाई नापास.

सगळं एका वहीत लिहिलेलं असे. तारीख, शाई, कागद, पाऊस की ऊन, आणि निकाल. पास, नापास, किंवा ‘पुन्हा बसवणे’. अशा एकोणीस वह्या होत्या. मी मोजल्या आहेत, कारण त्या माझ्याच हातानं बांधल्या गेल्या. ते पुढे सांगते.

हे खूळ कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. नोकरीला लागले त्या वर्षी एक म्हातारी भावाची जन्मतारीख शोधत आली. रजिस्टर निघालं, पान निघालं, ओळ निघाली. नुसती ओळच होती. कधीकाळी छत गळलं होतं आणि शाई पाण्याबरोबर निघून गेली होती. म्हातारी पानावर बोट फिरवत राहिली.

“माणसाचं घर पडते, माणूस मरते, अन् त्याचा कागद आपल्यापाशी राह्यते,” मोठे बाबू म्हणाले. “त्याच्यावरची शाई गेली तं आपण कायचे बाबू?”

हे ऐकून माझ्या मनात त्यांच्याविषयी जो आदर बसला, तो खोटा नव्हता. अजूनही खोटा वाटत नाही.

आता नळाचा किस्सा, कारण तो चुकीचा सांगितला जातो. नवे मुख्याध्यापक आले. त्यांना संस्थेच्या अध्यक्षांनी एक भारीचा पेन भेट दिला होता आणि त्यात पयपुटी भरलेली होती. साहेबांनी दहावीच्या पोरांच्या टीसींवर ऐटीत सह्या ठोकल्या. मोठे बाबू केबिनमध्ये गेले, म्हणाले, “सर, ही शाई चालत नाही.” सर म्हणाले, “तुम्ही तुमचं काम करा.” मोठ्या बाबूंनी एक टीसी उचलली, व्हरांड्यातल्या नळाखाली धरली आणि तशीच निथळती परत टेबलावर आणून ठेवली. सही गेली होती. शिक्का जागच्या जागी.

“सर, तुमची सही पुसदले गेली,” ते म्हणाले.

त्यावर त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्यांनी उत्तर दिलं, सोबत दोन पट्ट्या जोडल्या, आणि उत्तराच्या खाली लिहिलं, ‘पुराव्यावर पाणी टाकून खात्री करून घ्यावी.’ पुढं दोन वर्षं त्या साहेबांनी मोठ्या बाबूंची रजा मंजूर करताना छळ मांडला. हळदीकुंकवाला जायचं म्हणून मी मागितलेली अर्धी रजा मिळायची आणि त्यांची बायको दवाखान्यात असताना त्यांची अडकायची. हाच माणूस माइक धरून तो किस्सा मोठ्या प्रेमानं सांगत होता, जणू दोघं जिवलग दोस्त. आणि कोणाला काही वाटत नव्हतं.

पण मोठ्या बाबूंचं मी भांडणही पाहिलं आहे, आणि ते भांडण माझ्याशीच होतं. पास झालेली शाई म्हणजे लाजरी. दाखला लिहिला की ते लगेच देत नसत. म्हणत, “परवा या. कायी होऊ द्या.” एकदा तांड्यावरची एक बाई पोराचा दाखला न्यायला आली. दोन गाड्या बदलून आलेली, कापूस वेचायचा दिवस पाडून. तिलाही परवा या. ती डोक्यावरचा पदर सारखा करून निघाली.

मी म्हणाले, “बाबूजी, काहून हेलपाटा घालता तिले? शाई तिच्या घरी बी कायी होते.”

“वाटेत घाम लागला, पाणी लागलं, मंग? दोन दिवस गेले तं चालते बाई, पन्नास वर्षं गेले तं चालत नाही.”

“दोन दिवस तुमचे कुठं जातात? तिचे जातात.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भिंग उचललं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. या माणसाला कागदावरचं अक्षर किती टिकेल याची काळजी होती, आणि ते अक्षर ज्याचं आहे तो खिडकीपलीकडे उभा आहे, हे त्यांना दिसत नव्हतं. त्या दिवशी मी माझ्या डब्यातली भाकर त्यांना दिली नाही. एवढाच माझा निषेध.

ते निवृत्त झाले आणि उमरखेडला मुलाकडे राहायला गेले. तोच मुख्याध्यापक कपाट रिकामं करायला आला. “हे काय आहे?” मी म्हणाले, “वह्या.” “सरकारी आहेत?” मी म्हणाले, “नाही.” “मग रद्दीत द्या.” आणि मी दिल्या. सुतळीनं बांधून. ‘घरी नेऊन ठेवते’ एवढं मला म्हणता आलं असतं. घर काही एवढं लहान नव्हतं.

त्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, एक गवंडी आपल्या मुलीला घेऊन ऑफिसात आला. आमच्याच शाळेत शिकलेला, विहाराच्या मागच्या गल्लीतला. हातावर सिमेंटचे पांढरे भेगाळलेले डाग. मुलीचा वैद्यकीयला नंबर लागला होता. त्या गल्लीतलं पहिलं पोर. जागा पक्की व्हायला जात पडताळणीचं प्रमाणपत्र हवं आणि त्याला पुरावा म्हणजे बापाची शाळेतली नोंद. समितीकडून एक अधिकारी मूळ रजिस्टर तपासायला येणार होते. तेही आले. मी पान उघडून दिलं.

तो पाचवीत दाखल झाला त्या दिवशीच्या बारा नोंदी होत्या, एकाखाली एक, मोठ्या बाबूंच्या मोत्यासारख्या अक्षरात. अकरा नोंदींची शाई तीस वर्षांत तपकिरी झालेली. मधली एकच, या गवंड्याची, काळीभोर. आज सकाळी लिहिल्यासारखी.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “बाई, ही नोंद मागाहून घातलेली दिसते.”

“साहेब, अक्षर तेच आहे.”

“अक्षर गिरवता येतं. शाई वेगळी आहे, हे तुम्हालाही दिसतंय. उद्यापर्यंत खुलासा द्या, नाहीतर मला जे दिसलं ते लिहावं लागेल.”

गवंडी भिंतीला टेकून उभा होता. मुलीनं विचारलं, “मॅडम, खोटी म्हणतात का?” प्रमाणपत्र जमा करायला तिच्या हातात आठ दिवस होते. अहवालात ‘संशयास्पद’ हा एक शब्द गेला असता की ती जागा दुसऱ्या कोणाची झाली असती, आणि वर बापावर बनावट कागदाचा ठपका. ज्यानं ती नोंद कधी डोळ्यांनी पाहिलीही नव्हती.

मी मोठ्या बाबूंना फोन लावला. सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “पान कोणतं?” मी आकडा सांगितला. “येतो,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं ते आले. वाळले होते, अंगठा मात्र निळाच. अधिकारी बसले होते, गवंडी आणि मुलगी बाकावर. मोठे बाबू उभ्याउभ्याच पानावर वाकले आणि म्हणाले, “ही मीच लिहिली. त्याच दिवशी. फक्त शाई दुसरी होती. पाहून राह्यलो होतो.”

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि अंगाचा तिळपापड झाला. “बाबूजी, तुमी रजिस्टरमधी शाई पाह्यली? दाखलखारीजमधी?” माझ्या हातून रजिस्टरवर शाईचा एक ठिपका पडला म्हणून आठवडाभर अबोला धरणारा हा माणूस.

“जिंदगीत एकदा,” ते म्हणाले. “एक फिरता विक्रेता आलता. नमुन्याची एकच बाटली देऊन गेला, परत आलाच नाही. पट्ट्यांवर पाह्यली, पाण्यात पाह्यली, उन्हात पाह्यली. अशी शाई मी पाह्यली नव्हती. पण पट्टी म्हणजे पट्टी. खऱ्या पानावर तीस-चाळीस वर्षं कशी राह्यते, ते कसं समजन? म्हणून एक नोंद केली.” त्यांनी त्या ओळीवर नजर फिरवली आणि मला आजही ते आठवून चीड येते, त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. शाई पास झाली होती. इतकी पास झाली होती की त्या पोराची नोंद खोटी ठरत होती.

“माह्या वहीत आहे सगळं, तारखेसहित,” ते म्हणाले. “बाई, वही काढा.”

मी खाली पाहून सांगितलं की वह्या रद्दीत गेल्या, मीच दिल्या. ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, “मंग त्या दिवसाचं जावक रजिस्टर काढा. अन् स्टाफच्या हजेरीचं मस्टर. मी काय एकाच कागदावर पाहीन?”

आम्ही रेकॉर्ड रूममध्ये शिरलो. गवंडी स्वतः शिडीवर चढला, गठ्ठे खाली देत गेला, मुलगी धूळ पुसत गेली. दीड तास लागला. जावक रजिस्टर सापडलं. त्या तारखेला पाच पत्रं बाहेर गेलेली. चार तपकिरी, एक काळीभोर. मग मस्टर सापडलं. त्या महिन्यात मोठ्या बाबूंच्या सगळ्या सह्या तपकिरी. त्या एका दिवसाची काळीभोर. तीन कागद, एक तारीख, एक शाई.

अधिकाऱ्यांनी तिन्ही रजिस्टरं शेजारी शेजारी ठेवली आणि भिंग मागितलं. जावक रजिस्टरचं पान क्रमांकासह शिवलेलं, पुढंमागं काही घुसडायला जागा नव्हती. मोठ्या बाबूंनी खात्री करून द्यायला अंगठा जिभेला लावला आणि सवयीनं गवंड्याच्या नोंदीकडेच नेला. मी त्यांचं मनगट धरलं आणि जोरात धरलं. “हे नाही,” मी म्हणाले. “तुमची सही घासा.” त्यांनी मस्टरवरची आपली सही घासली. काही निघालं नाही. अधिकारी माणूस सरळ होता. त्यांनी जबाब लिहायला घेतला. ते प्रमाणपत्र शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी मिळालं आणि ती मुलगी आज डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण मला बोलायचं आहे ते यापुढचं, आणि शोकसभेत कोणी एका शब्दानं काढलं नाही तेही हेच.

जबाब लिहून होत आला होता. तेव्हा तो गवंडी बोलला. आवाज चढवून नाही. “बाबूजी, त्या दिवशी आमी बारा पोरं होतो. माहीच नोंद काहून घेतली?”

मोठ्या बाबूंना काहीही सांगता आलं असतं. सहज घेतली, हाताला आली, बाटली तेव्हाच उघडली. आम्ही सगळ्यांनी ते मानलं असतं. पण शाईच्या बाबतीत हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता.

“बाकीच्याईत मास्तरचं पोरगं होतं,” ते हळू बोलले. “पाटलाचं होतं, कम्पाउंडरचं होतं. त्याईचे दाखले पुढं लागतीन, कॉलेजले, नोकरीले. शाई बिघडली असती तं बोंब झाली असती. मंग तुवं नाव आलं. मले वाटलं, हे पोरगं काही शिकत नाही. पाचवी-सहावीत सुटन. याची नोंद पाहाले कोन येते.”

अधिकाऱ्यांनी घसा साफ केला. “हे जबाबात घ्यायची गरज नाही.”

“आहे,” मोठे बाबू म्हणाले. “कारण लिहिल्याबिगर नोंद पुरी होत नाही.” त्यांनी कागद ओढून घेतला आणि सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात ते वाक्य लिहिलं. जसं बोलले तसंच, एक शब्द न बदलता. तो कागद फाइलीत आहे, मी रोज त्या कपाटासमोर बसते. त्यांनी लिहिलं म्हणून मी त्यांना मोठं मानू, की वाटलं म्हणून त्यांचा धिक्कार करू, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही करते. आधी राग येतो, एवढं खरं.

गवंड्यानं ते वाचलं आणि कागद मुलीकडे दिला. तिनं दोनदा वाचला. मग मोठ्या बाबूंकडे पाहून तिनं विचारलं, “बाबांनी सातवीत शाळा सोडली, हे खरं आहे. पण ते पाचवीत आले त्याच दिवशी तुमाले कसं माहीत झालं?”

मोठे बाबू पेनाचं टोपण लावू लागले. तिनं मग माझ्याकडे पाहिलं. अठरा वर्षं झाली, दर जूनमध्ये खिडकीशी नवी पोरं येतात, मी मान वर करून एकदा पोराकडे पाहते, एकदा त्याच्या बापाच्या पायांकडे पाहते, आणि नाव लिहायच्या आधीच मलाही ते माहीत झालेलं असतं.